क्रोशाचा छोटा ससा करायचाय? मग तोरणाचा हात जरा बाजूला ठेवा

सोलापुरात क्रोशे येणाऱ्या बायका गल्लोगल्ली सापडतील, पण बहुतेकींचा हात तोरणावर नाहीतर टीव्हीवरच्या रुमालावर बसलेला, आणि खरी अडचण तीच आहे बघा. रुमालात जाळी दिसायला पाहिजे, खेळण्यात एक भोकसुद्धा चालत नाही, लगेच आतला कापूस डोकावतो. म्हणून सुई नेहमीपेक्षा बारीक घ्यायची, दोऱ्याच्या लेबलवर ४ एमएम लिहिलंय तर तुम्ही २.५ किंवा ३ घ्या आणि टाके घट्ट घाला.

दोरा सुतीच बरा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीच्या पुढं, त्यात घामेजल्या हाताला अ‍ॅक्रेलिक चिकटतं, विणायलाच नको वाटतं. ओळखीत कुणाचा टॉवेलचा कारखाना असेल तर कोनावरचं सूत मागून बघा, एकेरी फार बारीक पडतं पण बरेच पदर एकत्र धरले की छान जाड होतं, फक्त एखादा पदर सुईतून निसटत नाही ना तेवढं बघत जा.

आता डोकं. मॅजिक रिंग, म्हणजे ओढला की घट्ट होणारा दोऱ्याचा फास, करून त्यात ६ सिंगल क्रोशे, म्हणजे साधे आखूड टाके. रिंग जमत नसेल तर २ साखळ्या घालून सुईपासून दुसऱ्या साखळीत ६ टाके घाला, काही बिघडत नाही. पुढं प्रत्येक टाक्यात दोन म्हणजे १२, मग एका टाक्यात एक, पुढच्यात दोन असं करत १८, असंच दर ओळीत सहा वाढवत २४, मग ३०. ओळ जोडायची नाही, गोल गोल चढत जायचं, आणि ओळीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवून ठेवा, कारण मधेच कुणी हाक मारली की मोजणी गेलीच म्हणून समजा. ३०च्या ५ ओळी सरळ.

डोळे आत्ताच बसवा, नंतर आत हात जात नाही. दोन डोळ्यांत ६-७ टाक्यांचं अंतर ठेवा. खेळणं तीन वर्षांच्या आतल्या पोराला द्यायचं असेल तर प्लास्टिकचे डोळे अजिबात नकोत, काळ्या दोऱ्यानं भरा, तेच गोड दिसतात तसंही.

मग कमी करत २४, १८, १२. इथं नेहमीसारखे दोन टाके एकत्र केले की गाठ उठून दिसते, त्यापेक्षा दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे, म्हणजे आपल्याकडच्या बाजूचे फासे सुईवर घ्या आणि दोरा ओढून एकत्र करा, जागा सापडणारसुद्धा नाही. गळा १२चा. त्याच्या आधी डोक्यात कापूस भरा. जुन्या उशीतला फायबर चालतो पण नीट पिंजून घ्या, चिंध्या भरू नका, गाठी होतात आणि ससा आजारी दिसतो!

गळ्यापासून लगेच अंग सुरू, १८, २४, मग २४च्या ५ ओळी, परत १८, कापूस भरा, १२, ६, आणि दोरा ओढून बंद. इंग्रजी व्हीसारखे टाके बाहेरच्या बाजूला आहेत ना ते डोकं विणतानाच एकदा तपासा, उलटं झालं असेल तर डोळे बसवायच्या आणि कापूस भरायच्या आधीच पालथं करायचं.

कान दोन: ६, ९, १२, मग १२च्या पाच ओळी, शेवटी ९. कापूस नाही, चपटे करून डोक्याला शिवा. हात-पाय चार, ६वरून ९ आणि ९च्याच पाच-सहा ओळी, टोकाला थोडासाच कापूस. शेपटीला एक छोटा गोंडा बस्स.

शिवताना घाई नको. आधी टाचण्या लावून लांबून बघा, कान एक बोट इकडंतिकडं झाला की सशाचं मांजर होतं. जोडायला लागणारा दोरा प्रत्येक तुकडा संपवताना वीतभर सोडलेला असला की वेगळा घ्यावा लागत नाही. टाचण्या मात्र मोजून लावा आणि मोजूनच काढा, एखादी आत राहिली तर पोराच्या हातात टोचेल.