पावसाळ्यातील जनजागृती कार्यक्रम आणि पर्यायी आराखडा

कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये आरोग्य शिबिर, ग्राहक जागृती किंवा आकाशनिरीक्षण असा लोकांसाठीचा कार्यक्रम ठेवताना ‘पाऊस आला तर बघू’ एवढ्यावर न थांबता, बदलाचा निर्णय कोणी, कशाच्या आधारे आणि किती वाजेपर्यंत घ्यायचा, हे आधीच लेखी ठरवावे. आधार मोजता येणारा हवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. शहरात ऊन पडलेले असतानाही राधानगरी-गगनबावड्याकडच्या पावसाने नदी चढत राहते, त्यामुळे केवळ डोक्यावरचे आभाळ पाहून निर्णय घेणे फसवे ठरते. पाणी इशारा पातळीकडे सरकू लागताच नदीकाठच्या गावांतील कार्यक्रम पुढे ढकलावा आणि शहरातला मैदानाऐवजी सभागृहात घ्यावा, असे मला वाटते. अर्थात, सभागृह आधीच बोलून ठेवलेले असावे आणि तारीख बदलल्यास अनामत परत मिळते का, हे विचारलेले असावे. २०१९ च्या पुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ अनेक दिवस बंद होता. म्हणून बाहेरगावच्या वक्त्यावर सारी भिस्त न ठेवता एक स्थानिक वक्ता तयार ठेवावा.

बदलाचा निरोप एकाच व्यक्तीने, आधी लिहून ठेवलेल्या मजकुरातून पाठवावा. तरीही काही लोक मूळ जागीच येतात (विशेषतः ज्येष्ठ मंडळी), तेव्हा तिथे फलक लावून एक कार्यकर्ता तासभर थांबवावा.