मानसशास्त्र ‘येतं’ असं वाटतं, तिथेच मार्क जातात

अकरावीला मानसशास्त्र घेतलं तेव्हा “नुसतं वाचून गेलीस तरी मार्क पडतील” असं मला तिघांनी सांगितलं होतं. तिघांपैकी एकानेही हा विषय घेतला नव्हता. पहिल्या चाचणीत वीसपैकी सात पडले. पेपर हातात घेऊन बसले तरी कुठे चुकलं ते कळेना, कारण सगळे प्रश्न मला येत होते.

एका शब्दावर बरेच मार्क गेले होते. तो नीट सांगते, कारण नवी मुलं वही दाखवतात तेव्हा तीच चूक दिसते. ऋण प्रबलन, म्हणजे निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट. मी उदाहरण दिलं होतं, ‘मूल चुकलं की त्याला रागावणे’. साफ चूक. ती झाली शिक्षा. प्रबलन म्हटलं की वर्तन वाढायलाच हवं, मग ते धन असो की ऋण. इथे ऋण म्हणजे वाईट नाही, ते वजाबाकीचं चिन्ह आहे. नकोशी गोष्ट दूर होते, म्हणून ते वर्तन पुन्हा घडतं. गाडीत पट्टा लावेपर्यंत भोंगा वाजत राहतो, लावला की थांबतो, आणि पुढच्या वेळी हात आपोआप पट्ट्याकडे जातो. मग मोबाइल काढून घेणं? तिथेही वजाबाकीच आहे, पण त्याने वर्तन घटतं, म्हणून ती ऋण शिक्षा. उत्तर लिहिण्याआधी समासात दोन प्रश्न लिहा. वर्तन वाढलं की घटलं? त्यावरून प्रबलन की शिक्षा ते ठरतं. काही दिलं की काढलं? त्यावरून धन की ऋण. मी बारावीच्या शेवटच्या पेपरातही हे दोन प्रश्न लिहिले होते.

प्रबलनाचा सिद्धांत मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ स्किनरचं हे म्हणणं मला खरं उमगलं ते माझ्याच टेबलावर. सांख्यिकीचं प्रकरण उघडलं की धडधड सुरू व्हायची, पुस्तक मिटलं की थांबायची. मिटल्यावर सुटका व्हायची, म्हणून मिटणं वाढत गेलं. कित्येक महिने मी स्वतःला आळशी समजत राहिले. तुमचंही असं होत असेल तर तुमच्यात काही खोट नाही.

स्मृती, प्रेरणा, बुद्धी, व्यक्तिमत्त्व हे सगळे रोजच्या बोलण्यातले शब्द. म्हणून घरचा अर्थ उत्तरात शिरतो. पुन्हा पुन्हा वाचल्याने ‘येतं’ हा भ्रम आणखी पक्का होतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर न बघता आठवून पाहणारे पुढे गेले. पुस्तक बाजूला ठेवून व्याख्या लिहा.

तयार नोट्सवर माझा राग आहे. ‘मिलग्रॅमने आज्ञापालन तपासले’ एवढ्यावर त्या थांबतात. त्याच्या 1963 च्या शोधनिबंधात, प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्या माणसाला विजेचे झटके देताना 40 पैकी 26 जण 450 व्होल्टच्या बटणापर्यंत गेले, झटके मुळात खोटे होते, आणि सहभागींना झालेल्या मनस्तापावरून नीतीचा वाद पेटला. मार्क या तपशिलाला असतात.

मनोविकारांचं प्रकरण वाचताना प्रत्येक लक्षण आपलंच वाटेल. बहुतेकांना वाटतं, घाबरू नका. पण खरोखरच त्रास होत असेल तर पुस्तकात उत्तर शोधत बसू नका, समुपदेशकाकडे जा. आणि मैत्रिणीला विकाराचं नाव चिकटवू नका. मी चिकटवलं होतं, ती आजही माझ्याशी बोलत नाही.

राहिली सांख्यिकी. बेरीज, भागाकार, वर्गमूळ आणि नीट आखलेलं कोष्टक, यापलीकडे सहसा काही लागत नाही. दिवसाला एकच गणित घ्या. धडधड सुरू असताना पुस्तक मिटू नका, निदान एक पायरी सुटू द्या आणि मग मिटा.