मेंदूचा आजार ओळखताना आधी घड्याळ पाहावे

माझ्या आईला कंपवात (पार्किन्सन) झाला आहे हे आम्हाला कळले, तेव्हा तो दोन वर्षे आमच्या डोळ्यांसमोरच होता. दुधाच्या हिशेबाच्या वहीतले तिचे टपोरे अक्षर ओळीच्या शेवटी बारीक होत चालले होते, चालताना उजवा हात हलेनासा झाला होता आणि फोडणीचा वास तिला येत नव्हता. आम्ही मात्र अक्षराचा दोष चष्म्याला, हाताचा खांद्याच्या दुखण्याला आणि वासाचा सर्दीला देत राहिलो. निदान डॉक्टरांनीच करायचे असते, पण त्यासाठी लागणारी माहिती पुष्कळदा फक्त घरच्या माणसांजवळ असते आणि ती नीट टिपून ठेवणे कोणालाही शिकता येते.

पायरी १ : त्रास किती वेगाने आला ते ठरवावे

मेंदूविकारतज्ज्ञ सर्वांत आधी हेच विचारतात. काही क्षणांत अंगाची एक बाजू लुळी पडली, तर मेंदूची रक्तवाहिनी अडल्याचा किंवा फुटल्याचा संशय घ्यावा. अचानक येऊन काही मिनिटांत ओसरणारे आणि पुन्हा पुन्हा त्याच स्वरूपात येणारे झटके अपस्माराकडे बोट दाखवतात. कित्येक तास टिकणारी, मळमळ होणारी आणि उजेड सहन न होणारी डोकेदुखी बहुधा अर्धशिशी असते, तर महिनोन्‌महिने हळूहळू वाढत जाणारा त्रास कंपवात किंवा स्मृतिभ्रंश असू शकतो. ताप, मानेचा ताठरपणा आणि गुंगी एकत्र आली, तर मेंदूज्वराची शक्यता धरून थेट रुग्णालय गाठावे. या नियमाला अपवाद आहेत, परंतु रुग्णवाहिका बोलवायची की डॉक्टरांची वेळ घ्यायची, एवढे यावरून नक्की ठरवता येते.

पायरी २ : अचानक आलेला लकवा

रुग्णाला हसायला सांगावे, दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगावे आणि एखादे सोपे वाक्य म्हणायला सांगावे. तोंड एका बाजूला ओढले गेले, एक हात खाली घसरला किंवा बोलणे बोबडे झाले, तर लकव्याचा संशय घेऊन रुग्णालय गाठायला यांपैकी एक खूणही पुरेशी आहे. अचानक तोल जाणे किंवा एका डोळ्याने दिसेनासे होणे हीदेखील त्याच धोक्याची लक्षणे असू शकतात.

यानंतर रुग्ण शेवटचा ठणठणीत केव्हा दिसला ती वेळ लिहून ठेवावी. माणूस रात्री ११ वाजता झोपला आणि सकाळी ६ वाजता तोंड वाकडे दिसले, तर डॉक्टर वेळ ११ पासून मोजतात. अडलेल्या वाहिनीतली गुठळी विरघळवणारे आल्टेप्लेज किंवा टेनेक्टेप्लेज हे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात आणि त्या मुदतीतही ते जितके लवकर मिळेल तितका मेंदू अधिक वाचतो. मोठी वाहिनी अडली असेल, तर तारेसारखी नळी आत घालून गुठळी काढता येते. निवडक रुग्णांमध्ये हा उपाय २४ तासांपर्यंतही करता येतो.

मात्र वाहिनी अडली की फुटली हे बाहेरून कळत नाही, ते सीटी स्कॅनमध्येच दिसते. मेंदूत रक्तस्राव झालेला असताना गुठळी विरघळवणारे औषध दिले, तर ते जिवावर बेतते. म्हणूनच घरी ॲस्पिरिन देऊ नये, जिभेखाली रक्तदाबाची गोळी ठेवू नये आणि पाणीसुद्धा पाजू नये, कारण गिळण्याची क्रिया बिघडलेली असल्यास ते श्वासनलिकेत जाते.

मुंबईत वेळ जातो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे रस्त्यावर, आणि दुसरे म्हणजे कोपऱ्यावरच्या लहान रुग्णालयात, जिथे सीटी स्कॅनची सोय नसतानाही सलाइन लावून रुग्णाला तासभर ठेवले जाते. आपल्या घराजवळ चोवीस तास सीटी स्कॅन आणि लकव्याचे उपचार कुठे होतात, ही चौकशी आजच करून तो पत्ता आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक फ्रिजच्या दारावर लावून ठेवावा. लक्षणे दहा मिनिटांत पूर्ण गेली तरी त्याच दिवशी रुग्णालयात जावे, कारण मोठ्या लकव्याचा धोका पुढच्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो.

पायरी ३ : फिट

दादरच्या फलाटावर कोणाला आकडी आली की क्षणात गर्दी जमते. कोणी चप्पल हुंगवतो, कोणी कांदा शोधतो, कोणी हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबतो. यांपैकी कशानेही फिट थांबत नाही. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि त्या वेळी जे हाती असते त्यालाच यशाचे श्रेय मिळते. रुग्णाला रुळांपासून आणि टणक वस्तूंपासून दूर ठेवावे, डोक्याखाली मऊ काही द्यावे, कॉलर सैल करावी आणि झटके ओसरताच कुशीवर वळवावे. दातांमध्ये चमचा किंवा बोट अजिबात घालू नये, आणि हातपाय दाबून धरू नयेत. झटका ५ मिनिटांहून अधिक चालला, शुद्ध येण्याआधी दुसरा आला, तो आयुष्यातला पहिलाच असला किंवा रुग्ण गरोदर असली, तर रुग्णवाहिका बोलवावी.

शक्य असल्यास घरच्यांपैकी एकाने मोबाइलवर चित्रीकरण करावे. सुरुवात कोणत्या बाजूने झाली, डोळे कुठे वळले आणि नंतर किती वेळ गोंधळलेपणा होता, हे डॉक्टरांना त्यातून मिळते, आणि पुष्कळदा तपासण्यांपेक्षा तेच अधिक बोलके ठरते. गर्दीत बराच वेळ उभे राहिल्यावर डोळ्यांसमोर अंधारी येऊन, घाम फुटून, चेहरा पांढरा पडून कोसळलेला आणि मिनिटभरात भानावर आलेला माणूस बहुधा साध्या भोवळीने पडलेला असतो. उलट, अंग अजिबात न उडणाऱ्या फिटही असतात. वर्गात वाक्य अर्धवट सोडून काही सेकंद शून्यात पाहणारे मूल, किंवा ओठ चाटत शर्टाची बटणे चाचपणारा प्रौढ माणूस. अशा मुलाला बेफिकीर ठरवून शिक्षा होते, याचे मला फार वाईट वाटते.

अपस्मार लपवण्याची सवय अजूनही घरोघरी आहे, विशेषतः लग्नाच्या वयातल्या मुलींच्या बाबतीत. हिंदू विवाह कायद्यात विवाहाला आड येणाऱ्या गोष्टींमध्ये अपस्माराचा उल्लेख होता. तो १९९९च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आला. तरीही सासरी कळू नये म्हणून गोळ्या चोरून घेतल्या जातात, चोरून घेतलेली गोळी चुकते, आणि चुकलेली गोळी हे पुन्हा फिट येण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

पायरी ४ : हळूहळू येणारे आजार

कंपवातात हात थरथरतो तो मुख्यतः स्वस्थ ठेवलेला असताना. परंतु थरथर प्रत्येकाला असतेच असे नाही, हालचाली मंदावणे ही खरी खूण आहे. चक्करेसाठी महिनोन्‌महिने घेतलेली सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, किंवा उलटीसाठी घेतलेली मेटोक्लोप्रामाइड, यांमुळेही अशीच लक्षणे दिसू शकतात, म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवावी. विसराळूपणा वाढला असेल, तर बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइडची तपासणी आधी करून घ्यावी, कारण त्यांच्या कमतरतेवर औषध आहे.

पायरी ५ : औषध काय करते ते समजून घ्यावे

अपस्माराची औषधे मेंदूतील पेशींचा अनावर विद्युत-उद्रेक आवरतात. ती आजाराचे मूळ सहसा काढत नाहीत, रक्तात असेपर्यंत राखण करतात. फिट थांबली म्हणून गोळी एकदम बंद केली, तर न थांबणारे झटके येऊ शकतात. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांचे झटके औषधांनी आटोक्यात येतात, आणि साधारणपणे किमान दोन वर्षे फिटमुक्त गेल्यावरच डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवण्याचा विचार करतात. लॅमोट्रिजिन किंवा कार्बामाझेपिन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. व्हॅल्प्रोएटमुळे गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका मोठा असल्याने, मूल होऊ देण्याच्या वयातील स्त्रीने हा विषय गरोदर राहण्यापूर्वीच काढावा, परंतु भीतीने गोळी स्वतः थांबवू नये. केमिस्टने दुसऱ्या कंपनीची स्ट्रिप दिली, तर औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम ताडून पाहावेत.

कंपवातात मेंदूतील डोपामिन हे हालचालींना लागणारे रसायन कमी पडते. लेव्होडोपा ही गोळी मेंदूत जाऊन तिचेच डोपामिन होते, आणि सोबतची कार्बिडोपा ते रूपांतर वाटेतच होऊ देत नाही. जेवणातील प्रथिनांमुळे लेव्होडोपा नीट शोषली जात नाही, म्हणून अनेक रुग्णांना ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात. खाजकुयलीच्या बियांमध्येही लेव्होडोपा असते, त्यामुळे तिचे चूर्ण चालू असल्यास ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. ही गोळीही अचानक थांबवणे धोक्याचे आहे.

पायरी ६ : एक पान लिहून न्यावे

केईएम, सायन किंवा नायरच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढण्यापासून आत जाईपर्यंत अर्धा दिवस जातो आणि डॉक्टरांसमोर मिळतात थोडीच मिनिटे. म्हणून एका पानावर त्रास सुरू झाल्याची तारीख, झटक्यांच्या नोंदी, सर्व औषधे मात्रांसह आणि त्रास कमी-जास्त होण्याच्या वेळा लिहून न्याव्यात. आईच्या दुधाच्या वहीत आम्ही असे रकाने आखले. सलग पाच दिवस दुपारी साडेबाराला तिचे पाय आखडत असल्याची नोंद डॉक्टरांनी पाहिली, तेव्हा त्यांनी गोळ्या वाढवल्या नाहीत, एक वाजताची गोळी बारा वाजता घ्यायला सांगितली.