कोणाला किती दशांश?

ढगांचे प्रकार शिकवताना मी सातवीच्या मुलांसाठी एक सामाईक फोल्डर उघडला आणि प्रत्येकाला आकाशाचा एक फोटो त्यात टाकायला सांगितला. एकाने ढगासोबत घरातल्या मांजराच्या पिल्लाचाही फोटो टाकला. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, याचं घर मला सापडलं!" त्या पठ्ठ्याने फोटोचा तपशील उघडून त्यातले दोन आकडे नकाशाच्या ॲपमध्ये टाकले होते. वर्ग हसला. पिल्लूवाला हसला नाही.

चूक माझी होती. फोटो मागण्याआधी लोकेशन बंद करायला सांगणं माझं काम होतं. सगळे फोटो त्याच दिवशी काढून टाकले. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना: ज्या अक्षांश-रेखांशाच्या व्याख्या मी वर्षानुवर्षं घोकून घेत होते, ते या मुलाने आपणहून वापरले, आणि नेमके नको तिथे. तेव्हापासून मी भूगोल आणि ऑनलाइन वागणूक हे दोन वेगळे पाठ घेत नाही. चार तास लागतात.

पहिल्या तासाला उपकरण फक्त माझ्या टेबलावर, मुलांकडे वही. फळ्यावर लिहायचं: ४८.८५८४ उत्तर, २.२९४५ पूर्व. हा पॅरिसचा आयफेल टॉवर. आता शेवटापासून एकेक आकडा पुसत जायचं. आसन्न किंमत काढायची नाही, सरळ कापायचं. प्रत्येक वेळी नवा बिंदू नकाशावर दाखवायचा. तीन दशांश स्थळं ठेवली तरी आपण टॉवरच्या पायथ्याशीच असतो. दोन ठेवली की साधारण एक किलोमीटर सरकतो. एकच ठेवलं की दहाएक किलोमीटर. सगळे दशांश पुसून ४८ आणि २ उरले, की शंभरेक किलोमीटर दूर, ओर्लेआँ शहराजवळ पोचतो. मुलं इथे टाळ्या पिटतात. त्या भरात गणितही करून घ्यायचं: पृथ्वीचा विषुववृत्तीय परीघ सुमारे ४०,०७५ किलोमीटर, भागिले ३६०, म्हणजे एका अंशाला साधारण १११ किलोमीटर. मग एक दशांश स्थळ म्हणजे ११ किलोमीटर, चार दशांश स्थळं म्हणजे फक्त ११ मीटर. एखादी चुणचुणीत मुलगी विचारतेच, "रेखांशाचंही तेवढंच का?" नाही. रेखावृत्तं ध्रुवांकडे जवळ येतात. ६० अंश अक्षांशावर तेच अंतर निम्मं होतं. पृथ्वीगोल हातात देऊन दोरीने मोजू द्या, पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा लवकर कळतं.

तास संपायला दहा मिनिटं उरली की फळ्यावर प्रश्न लिहायचा: कोणाला किती दशांश? हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या ॲपला? एक पुरे. रुग्णवाहिकेला? असतील तेवढे सगळे. ऑनलाइन खेळात भेटलेल्या, कधीच न पाहिलेल्या गड्याला? इथे वाद पेटतो आणि तो पेटू द्यायचा. मी मधे पडत नाही. एका मुलीने सांगितलं होतं, "आजीला सगळे. पण आजीच्या ग्रुपला एकही नाही." हे वाक्य मी अजून दरवर्षी फळ्यावर लिहिते. 'माहिती शेअर करू नका' असं नुसतं बजावलं की मुलं मान डोलावतात आणि विसरतात. किती द्यायची याचं माप हातात आलं की ती मोजायला लागतात.

दुसऱ्या तासाला फोटो. मी माझ्याच फोनने वर्गातल्या कुंडीचे दोन फोटो काढते, एक लोकेशन चालू ठेवून, एक बंद करून, आणि दोन्हींचा तपशील पडद्यावर उघडते. (तुमचाच फोटो वापरा. मुलांचे फोटो या प्रयोगाला चुकूनही घेऊ नका.) बरीच मेसेजिंग ॲप फोटो पाठवताना ही माहिती गाळतात, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की ती तशीच जाऊ शकते. हे पालकांनाही ठाऊक नसतं, म्हणून घरच्या अभ्यासात 'घरातल्या एका मोठ्या माणसाला हे दाखवा' एवढंच देते.

लोकेशन बंद केलं म्हणजे सुटलो, असं मात्र नाही. एखाद्या अनोळखी शहराचा सार्वजनिक फोटो लावून विचारा: ही जागा कुठे असेल? पाट्यांची लिपी, रस्त्याची चालती बाजू, छपरांचा उतार, झाडं, दुपारच्या सावलीची दिशा. हा अस्सल भूगोल आहे. मग विचारा, तुमच्या शेवटच्या फोटोत असं काय काय दिसतंय? गणवेशावरचा बिल्ला, खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी... वर्ग एकदम शांत होतो. एक अट मी आधीच घालते: ओळखीच्या कुणाचाही फोटो असा शोधायचा नाही. शोधता येतं म्हणून शोधायचं नसतं.

उरलेले दोन तास सामाईक नकाशाचे. प्रत्येक गटाने एका खंडातली पाच ठिकाणं खुणेसह टाकायची आणि दुसऱ्या गटाच्या नोंदी तपासायच्या. बऱ्याच सेवांना किमान १३ वर्षं वयाची अट असते, म्हणून खातं माझं, आणि मुलं वर्गातल्या उपकरणावर माझ्या देखत लिहितात. पहिल्या वर्षी मी नियम न सांगताच सुरुवात केली आणि अर्ध्या तासात एकीच्या खुणेचं नाव कुणीतरी 'झोपाळूंचं गाव' करून ठेवलं. एकच खातं असल्याने कुणी केलं ते कळेना. आता प्रत्येक नोंदीखाली लिहिणाऱ्याचा हजेरी क्रमांक लागतो. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला, लोकांनी मिळून बनवलेला नकाशाही मुलांना दाखवते. तिथे प्रत्येक बदलामागे खात्याचं नाव राहतं.

तपासणीची खरी परीक्षा ग्रीनलंडवर होते. कुणीतरी लिहितंच: 'ग्रीनलंड आफ्रिकेएवढं आहे.' सपाट नकाशावर तसं दिसतंही. गेराडुस मर्केटरने १५६९ साली खलाशांना दिशा धरता यावी म्हणून जे प्रक्षेपण केलं, म्हणजे गोल पृथ्वी ज्या रीतीने सपाट कागदावर उतरवली, त्यात ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. प्रत्यक्षात आफ्रिका जवळपास चौदा पट मोठी. एका मुलाने त्या नोंदीखाली टाकलं होतं, 'अक्कल आहे का? पुस्तक वाच.' मी ते पुसलं नाही. त्याला बाजूला बोलावलं आणि सांगितलं, तुझं बरोबर आहे, आता असं लिही की समोरच्याला ते वाचावंसं वाटेल. तीन खाडाखोडींनंतर वहीत उतरलं: 'मलाही तसंच वाटलं होतं. पृथ्वीगोलावर दोन्ही शेजारी मोजून बघ, मग नकाशा का फुगतो ते सांगतो.' दोरी आणायला दोघं मिळून गेले.

गुण देताना नकाशाला निम्मे आणि दुसऱ्यांच्या नोंदींवर काय लिहिलं त्याला निम्मे. कुणी घसरला तर सगळ्यांसमोर उभं करत नाही. मधल्या सुट्टीत बोलते. ज्याच्याबद्दल लिहिलं गेलं त्याच्याशी आधी, ज्याने लिहिलं त्याच्याशी नंतर. हा क्रम मी पिल्लाच्या वेळी उलटा केला होता.

त्या मुलाने वर्षाअखेर आमच्या नकाशावर शून्य अक्षांश, शून्य रेखांशावर एक खूण लावली. आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात, नुसतं पाणी. एखादी प्रणाली लोकेशन हरवून त्या जागी शून्य भरते, तेव्हा नोंदी इथे येऊन पडतात. या न-बेटाला नकाशावाल्यांनी 'नल आयलंड' असं थट्टेने नावही दिलंय. खुणेखाली त्याने लिहिलं होतं: 'माझं मांजर इथे राहतं.'