एकसीटर विमान बांधून झालंय? आधी काट्यावर चढवा

भावांनो, घरी एकसीटर विमान बांधणारे सगळे इंजिन कुठलं, प्रॉपेलर कुठला यावरच बोलत बसतात आणि सीजी म्हणजे वजनाचा मध्य शेवटी बघतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर पाहिजे तो पार्ट करून मिळतो, पण सीजी चुकला की सगळं वाया.

तीन प्लॅटफॉर्म काटे ओळखीनं आणा. तिन्ही सारखंच दाखवतात का ते आधी बघा, गुळाचा ३० किलोचा रवा एकेकावर ठेवला की लगेच कळतं. वजन शेडमध्येच, दार आणि फॅन बंद करून, वाऱ्यानं आकडा हलतो. टेलड्रॅगर, म्हणजे शेपटीखाली छोटं चाक असलेलं विमान असेल तर पुढची चाकं दोन काट्यांवर आणि शेपटी तिसऱ्यावर स्टूल ठेवून उचला, उडताना असतं तसं लेव्हल झालं पाहिजे, स्पिरिट लेव्हल प्लॅनमध्ये दिलेल्या जागीच लावायची, मनानं नको. स्टुलाचं वजन नंतर वजा करा. मग पंखाच्या पुढच्या कडेवरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूनं खूण करा, सगळी मापं तिथनं.

समजा पुढच्या चाकांवर ७०-७० किलो, शेपटीवर १४, एकूण १५४. पुढचा ॲक्सल बरोबर खुणेवर, म्हणजे त्याचं अंतर शून्य, शेपटीचं चाक ३५० सेमी मागं. १४ गुणिले ३५० म्हणजे ४९००, भागिले १५४, सीजी आला ३१.८ सेमीवर. आता ७५ किलोचा पायलट ४० सेमीवर बसवा, त्याचे ३००० मिळवून ७९०० भागिले २२९, झाले ३४.५. पंखाची रुंदी, म्हणजे पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत, १२० सेमी असेल तर हे पावणे एकोणतीस टक्के, बऱ्याच साध्या डिझाइनमध्ये चालतं पण तुमच्या प्लॅनमधली लिमिटच फायनल. पायलटचं वजन खरं धरा, तांबडा-पांढरा ओरपल्यानंतरचं. टाकी फुल आणि रिकामी, दोन्ही हिशोब वेगळे करा.

सीजी पुढं गेला तर उतरताना नाक उचलत नाही, ते परवडलं, मागं गेला तर विमान स्पिनमधनं, म्हणजे गरगरत खाली येताना, बाहेरच येत नाही असं होऊ शकतं. सीजी जागेवर आणायला शिसं बांधण्याआधी बॅटरी सरकवून बघा, फुकटचं वजन कशाला.

आणि हे सगळं जमलं म्हणून लगेच उडवायचं नाही हां, डीजीसीएकडं, म्हणजे विमानांच्या सरकारी खात्याकडं, नोंदणी आणि परवानगी लागतेच. मुंबईत गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांनासुद्धा नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं.

रंग मारल्यावर परत वजन करा. वरच्या उदाहरणात शेपटीच्या टोकाला एक किलो रंग चढला तरी रिकाम्या विमानाचा सीजी दोन सेमी मागं जातो.