मुलाच्या मोबाइलवर लक्ष ठेवणारं ॲप कसं निवडावं

क्लासचा व्हॉट्सॲप ग्रुप, शाळेकडून येणाऱ्या पीडीएफ, संध्याकाळी उशिरा सुटणारी ट्यूशन. सहावी-सातवीतल्या मुलाच्या हाती स्वतःचा फोन येतो तो बहुतेक अशाच कारणांनी. मग थोड्याच दिवसांत आई-वडील प्ले स्टोअरवर ‘पॅरेंटल कंट्रोल’ शोधतात आणि समोर नावांची रांग लागते. त्यातली काही ॲप्स खरोखर कामाची असतात, काही नुसती पैसे काढणारी. आणि काही अशी, की ती मुलाच्या फोनवर टाकणं म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाला देण्यासारखं आहे. निवड कशी करायची ते क्रमाने सांगते.

काळजी नेमकी कसली, ते आधी ठरवा

रात्री उशिरापर्यंत चालणारा फोन, नको ते व्हिडिओ, इन्स्टाग्रामवरची अनोळखी माणसं, गेममध्ये जाणारे पैसे, क्लास सुटल्यावर पोरगं पोचलं की नाही. या सगळ्या काळज्या खऱ्या आहेत, पण एकाच ॲपने सगळ्या मिटत नाहीत, आणि काहींना तर ॲप लागतच नाही. गेममधल्या पैशांचंच घ्या. मुलाच्या प्ले स्टोअर खात्यावरून कार्ड आणि यूपीआय काढून टाका, प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सेटिंग करा; तेवढ्याने काम होतं. एखाद्या संध्याकाळी तो कुठवर आला एवढंच बघायचं असेल, तर फोनवरचं लोकेशन शेअरिंग पुरेसं आहे. सगळ्यात जास्त सतावणाऱ्या एक-दोन काळज्या निवडा आणि त्यांच्यासाठीच पुढचं वाचा.

वयही धरा. नऊ वर्षांच्या मुलीच्या फोनवर काय चालतं हे सगळं आईने बघावं, यात गैर काही नाही. पंधरा वर्षांच्या मुलीचे मैत्रिणींशी चाललेले मेसेज रोज वाचणं हे मला पटत नाही.

मुलाला सांगूनच करा

चोरून बसवायचं ॲप घेऊ नका. मूल दुखावतं हे तर आहेच, पण सुरक्षेच्या बाजूनेही तो सगळ्यात वाईट पर्याय आहे. गूगल प्ले स्टोअरच्या नियमानुसार पालकांसाठीच्या ॲपला स्वतःला लपवता येत नाही. ते चालू असल्याची सूचना फोनवर सतत दिसावी लागते. म्हणून ‘मुलाला कळणारही नाही’ अशी जाहिरात करणाऱ्या कंपन्या प्ले स्टोअरला वळसा घालतात. वेबसाइटवरून एपीके फाइल, म्हणजे ॲपची थेट बसवायची फाइल, उतरवायला लावतात आणि घातक ॲप ओळखणारं गूगलचं प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगतात. फोनचं संरक्षण बंद करा असं सांगणारं ॲप मुलाच्या संरक्षणासाठी असूच शकत नाही.

लक्ष ठेवणाऱ्या ॲप्सच्या कंपन्यांकडे साठलेल्या माहितीचं पुढे काय होतं, तेही बघा. २०१८ मध्ये टीनसेफ या ॲपचा सर्व्हर उघडा सापडला. त्यात मुलांच्या ॲपल खात्यांचे पासवर्ड जसेच्या तसे वाचता येत होते. त्याच वर्षी फॅमिली ऑर्बिटकडची मुलांच्या फोनमधली छायाचित्रं उघड्यावर आली. एमस्पायची माहिती तर २०१५, २०१८ आणि २०२४ अशी पुन्हा पुन्हा फुटली. २०२१ मध्ये ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने स्पायफोन या ॲपच्या कंपनीला या धंद्यातूनच बंदी केली. म्हणजे ज्या अनोळखी डोळ्यांपासून मुलाला वाचवायचं, त्यांच्याच पुढ्यात त्याचे फोटो आपण नेऊन ठेवतो.

तेव्हा बसून बोला. फोनवर काय दिसणार, काय दिसणार नाही, किती दिवसांनी पुन्हा ठरवायचं, हे मुलासमोर ठरू द्या. ‘तुझे मेसेज मी वाचणार नाही, पण नवीन ॲप टाकण्याआधी मला विचारायचं’ असं एक स्पष्ट वाक्य बऱ्याच भांडणांना सुरू होण्याआधीच थांबवतं.

खात्यातली जन्मतारीख तपासा

हे कुणी सांगत नाही आणि नेमकं इथेच घोडं अडतं. फोन घेतला तेव्हा दुकानातल्या पोराने पटकन जीमेल काढून दिलेलं असतं, आणि अडचण नको म्हणून जन्मसाल टाकलेलं असतं १९९५. किंवा मुलाच्या फोनवर बाबांचंच खातं चालू असतं. गूगलच्या लेखी हा फोन एका तिशीतल्या माणसाचा आहे. त्यामुळे मुलांसाठीचं एकही बंधन तिथे लागू होत नाही.

मुलाच्या फोनवर सेटिंग्जमध्ये गूगल उघडा, खातं कोणतं आहे ते बघा आणि वैयक्तिक माहितीत जाऊन जन्मतारीख वाचा. चुकीची असेल तर दुरुस्त करा. मूल तेरा वर्षांच्या आतलं असेल तर गूगल पालकाचं खातं जोडायला सांगतं, ते जोडा. बाबांचं खातं असेल तर मुलासाठी फॅमिली लिंक या गूगलच्या पालकांसाठीच्या ॲपमधून नवं खातं काढा. इन्स्टाग्रामवरही हेच. भारतात फेब्रुवारी २०२५ पासून तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांना ‘टीन अकाउंट’ मिळतं. ते आपोआप प्रायव्हेट असतं, अनोळखी माणसाचा मेसेज अडवतं, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन बंद ठेवतं. सोळाच्या आतल्या मुलांना हे नियम सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण जन्मसाल खोटं असेल तर यातलं काही त्याला लागू होईल याची खात्री नाही.

फोनबरोबर येणारं फुकटचं साधन आधी वापरा

अँड्रॉइड असेल तर गूगलचं फॅमिली लिंक. ते मोफत आहे आणि पालकांचा फोन आयफोन असला तरी चालतं. रोजची वेळ ठरवता येते, रात्री फोन आपोआप कुलूपबंद करता येतो, एकेका ॲपला वेगळी मर्यादा घालता येते, नवीन ॲपसाठी विनंती आपल्या फोनवर येते, फोन कुठे आहे ते दिसतं. यूट्यूबसाठी वयाप्रमाणे तीन पातळ्या आहेत. मेसेज मात्र त्यात वाचता येत नाहीत, आणि माझ्या मते ही त्याची जमेची बाजू आहे. मूल तेरा वर्षांपेक्षा मोठं आणि खातं आधीचंच असेल, तर देखरेख जोडायला त्याची संमती लागते. म्हणून वरचं बोलणं आधी.

आयफोन असेल तर २०१८ पासून त्यात स्क्रीन टाइम ही फोनच्या वापरावर मर्यादा घालायची सोय आहे. ॲपलच्या फॅमिली शेअरिंगमध्ये मुलाला जोडा आणि स्क्रीन टाइमचा पासकोड वेगळा ठेवा. फोन उघडायचा पासकोड मुलांना पाठ असतो, तोच इथे ठेवलात तर सगळी मेहनत वाया जाते.

बहुतेक घरांना एवढं पुरतं असं मला वाटतं. दोन-तीन आठवडे हे वापरा आणि नेमकं काय कमी पडतंय ते लिहून ठेवा.

तरीही बाहेरचं ॲप घ्यायचं असेल तर

क्वस्टोडिओ, नॉर्टन फॅमिली ही जुनी नावं आहेत. अँड्रॉइड, आयफोन आणि घरातला लॅपटॉप एकाच ठिकाणाहून बघायचे असतील तर त्यांचा उपयोग होतो. पण नावावर न जाता बसवताना काय काय मागतात ते सावकाश वाचा.

लोकेशन मागणं समजण्यासारखं आहे. ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मात्र मोठी असते: पडद्यावर जे जे दिसतं ते ॲपला वाचता येतं. ‘नोटिफिकेशन ॲक्सेस’ दिला की प्रत्येक येणारा मेसेज ॲपला दिसतो. आता आपल्याकडची गोष्ट अशी, की अठराच्या आत सिम मिळत नाही. मुलाच्या फोनमधलं सिम आई-वडिलांच्याच नावावर असतं, आणि कितीदा तरी तो बाबांचा जुना नंबर असतो, जो अजून बँकेला नाहीतर आधारला जोडलेला आहे. म्हणजे बँकेचा ओटीपी मुलाच्या फोनवर येतो आणि तिथून त्या ॲपला दिसू शकतो. ॲप बसवायच्या आधी बँकेत नंबर बदलून घ्या.

मग गोपनीयता धोरण उघडा आणि तीनच गोष्टी शोधा: मुलाची माहिती दुसऱ्या कंपन्यांना देतात का, ती किती दिवस ठेवतात, आणि मागितली तर पुसून देतात का. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण मूल धरलं आहे. त्याची माहिती वापरायला पालकाची खात्रीशीर संमती लागते आणि त्याच्यावर रोखलेल्या जाहिरातींना मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. ज्या कंपनीच्या धोरणात तक्रार कुणाकडे करायची तेही लिहिलेलं नाही, ती सोडून द्या.

धोक्याच्या शब्दांवर इशारा देतो असं सांगणारं ॲप असेल तर पैसे भरण्याआधी परीक्षा घ्या. आपली मुलं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात. स्वतःच्या फोनवरून मुलाच्या फोनवर, त्याला सांगून, एक धमकीवजा मेसेज तशा मराठीत पाठवा. इशारा आला नाही तर त्या सुविधेचे पैसे भरू नका.

बसवल्यावर

शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमीच्या फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप्स बंद केली जातात. ‘लोकेशन दोन दिवसांपूर्वीचं दिसतंय’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. त्या ॲपला ऑटोस्टार्ट, म्हणजे आपोआप सुरू व्हायची परवानगी, द्या आणि बॅटरीची बंधनं काढा. फोनमध्ये ‘सेकंड स्पेस’ (एकाच फोनमधला दुसरा वेगळा कप्पा) किंवा पाहुण्यांसाठीचं प्रोफाइल आहे का बघा, कारण तिथे नियम लागू नसू शकतात. आणि आजीचा फोन विसरू नका. मुलाचा फोन नऊ वाजता बंद झाला की साडेनऊला तो आजीच्या खोलीत गोष्ट ऐकायला जातो.

मुलाने कधी सांगितलं की कुणीतरी फोटोवरून धमकावतंय, तर त्या क्षणी रागावू नका आणि चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट घ्या, पैसे पाठवू नका. सायबर गुन्ह्यासाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक मुलाच्या फोनमध्येही सेव्ह करून ठेवा.

दर सहामाही परीक्षेनंतर बसून एखादा नियम सैल करा. कोणता करायचा, ते मुलाला सुचवू द्या. बाहेरचं ॲप काढायची वेळ येईल तेव्हा नुसतं अनइन्स्टॉल करून थांबू नका, कारण कंपनीच्या सर्व्हरवर माहिती तशीच राहते. आधी पालकांच्या खात्यात जाऊन मुलाचं प्रोफाइल आणि साठलेली माहिती पुसा, मग फोनमधली परवानगी काढून ॲप हटवा, आणि यूपीआय ॲपमध्ये जाऊन त्याचं ऑटोपे रद्द करा.