चुंबकीय प्लाझ्मातील मायक्रोवेव्ह नॉइज मोजताना

चुंबकीय क्षेत्रातल्या प्लाझ्माचा (आयनीभूत वायूचा) मायक्रोवेव्ह नॉइज, म्हणजे त्यातून आपोआप निघणारे अनियमित मायक्रोवेव्ह उत्सर्जन, मोजायला नव्याने बसणाऱ्याने सुरुवातीचा बराचसा वेळ एकाच प्रश्नाला द्यावा, असे मी अनुभवाने सांगेन: आलेखावरचे शिखर प्लाझ्माचे आहे, की तो ज्यात आहे त्या पात्राचे आणि वेव्हगाइडचे (मायक्रोवेव्ह वाहून नेणाऱ्या धातूच्या नळीचे)?

रिसीव्हर एका वारंवारतेवर स्थिर ठेवून चुंबकीय क्षेत्र हळूहळू बदलणे मला सर्वांत भरवशाचे वाटते, कारण वारंवारता बदलली की अँटेनापासून पात्रापर्यंत सगळ्यांचाच प्रतिसाद बदलतो. इलेक्ट्रॉनची सायक्लोट्रॉन वारंवारता, म्हणजे चुंबकीय क्षेत्राभोवती त्याच्या फिरण्याची वारंवारता, दर गाऊसला (गाऊस हे क्षेत्राचे एकक) 2.8 मेगाहर्ट्झ असते. म्हणजे रिसीव्हर 2.8 गिगाहर्ट्झवर असेल, तर मूळ अनुनाद 1000 गाऊसला, दुसरा हार्मोनिक (मूळ वारंवारतेची दुप्पट) 500 ला आणि तिसरा सुमारे 333 ला सापडायला हवा. क्षेत्र मात्र हॉल प्रोबने (क्षेत्र थेट मोजणाऱ्या संवेदकाने) मोजावे. विद्युतचुंबकाच्या प्रवाहावरून काढलेला आकडा हिस्टेरिसिसमुळे, म्हणजे लोखंडात आधीचे चुंबकत्व मागे उरत असल्यामुळे, फसवतो.

आता प्लाझ्मा तयार करणाऱ्या डिस्चार्जचा (वायूतील विद्युत विसर्गाचा) प्रवाह वाढवून पाहावा. त्याने इलेक्ट्रॉनांची घनता बदलली तरी सायक्लोट्रॉनची शिखरे जवळपास जागीच राहतात, अप्पर हायब्रिड अनुनाद मात्र सरकतो, कारण त्याच्या वारंवारतेचा वर्ग म्हणजे सायक्लोट्रॉन वारंवारता आणि प्लाझ्मा वारंवारता (घनतेवर अवलंबून असणारी, इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक दोलनाची वारंवारता) यांच्या वर्गांची बेरीज. दर घनमीटरला सुमारे 5 × 10¹⁶ इलेक्ट्रॉन असतील, तर प्लाझ्मा वारंवारता 2 गिगाहर्ट्झ भरते आणि 2.8 गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरवर हे शिखर 700 गाऊसच्या आसपास येते. घनता वाढली की ते आणखी कमी क्षेत्राकडे जाते. हे सरकणे पहिल्यांदा स्वतःच्या आलेखावर उमटताना पाहणे फार आनंदाचे असते. तरीही शंका उरली, तर रिसीव्हर 3 गिगाहर्ट्झवर न्यावा: मूळ शिखर सुमारे 1070 गाऊसला गेले नाही, तर ते सायक्लोट्रॉनचे नव्हे.

हार्मोनिकांजवळ बारीक शिखरांची रांग दिसली, तर ती खराब मोजणी म्हणून पुसून टाकू नये. 1958 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ बर्नस्टाइन यांनी क्षेत्राला लंब जाणाऱ्या तरंगांचा सिद्धान्त मांडला, आणि 1964 मध्ये बुख्सबाउम व हासेगावा यांनी अशा शिखरांचा संबंध असमान घनतेच्या प्लाझ्मा स्तंभात अडकून उभ्या राहणाऱ्या तरंगांशी जोडला.

शेवटी नॉइजची पातळी. ती मोजण्यापूर्वी रिसीव्हर ज्ञात नॉइज स्रोताशी ताडून घ्यावा. 2 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या औष्णिक प्लाझ्माचे (ज्यातले इलेक्ट्रॉन एकाच तापमानाला समतोलात आहेत अशा) नॉइज तापमान, म्हणजे तापमानाच्या रूपात सांगितलेली नॉइजची पातळी, फार तर सुमारे 23,000 केल्व्हिन असते. मोजमाप त्याच्या कितीतरी पट आले, तर उत्सर्जन औष्णिक नाही हे मानून कॅथोडकडून येणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचा शोध घ्यावा.